म्हादूचे साचे

म्हादू गेल्याचं मला मासळीबाजारात कळलं. मी पिशवी पुढे धरली होती, बांगडे घ्यायचे होते, आणि हिराबाई कोळीण नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसली. म्हणाली, "तुला कोनी सांगला नाय का रं? तुजा त्यो बँडवाला गेला सकाली." मी म्हणालो, "बँडवाला नव्हे. बेंजोवाला." ती म्हणाली, "बरा बाबा, बेंजोवाला." आणि माझी पिशवी घडी करून माझ्याच हातात परत दिली. सुतक असलेल्या माणसाला मासळी द्यायची नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. म्हादूचं आणि माझं रक्ताचं नातं काही नाही. त्याचं गाव खाडीच्या पलीकडे, माझं अलीकडे. पण हिराबाईने ठरवलं ते मी मोडलं नाही. रिकामी पिशवी घेऊन लालबागच्या पुलाखाली किती वेळ उभा होतो, कोण जाणे... बाजूने माणसं धक्के मारून जात होती.

पुढे चार दिवसांनी पेपरात दोन ओळी आल्या. त्यातही 'जुने बँडवादक' असंच छापलेलं. बँडवाले वेगळे. ते टोपी घालून, पितळेचं वाजवत वरातीपुढे चालतात. आमची बेंजो पार्टी. हातगाडीवर बॅटरी, वर कर्णा, मध्ये बेंजो घेतलेला म्हादू, बाजूला ताशा, झांज, आणि ढोल माझा. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यातले पावसाळे शेतात गेले. तेव्हा लिहिण्यात चूकभूल होईल. पण म्हादू कोण होता ते नीट लिहिलं जावं म्हणून बसलोय.

आम्ही दोघं एकाच गिरणीत, एकाच पाळीला, साचेखात्यात. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. एका छपराखाली शेकडो साचे चालायचे तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून साचेवाले ओठांनी बोलायचे. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, आणि चार साचे पलीकडच्याने ते वाचायचे. मुकादमाला शिव्या, घरची भांडणं, सिनेमाची गोष्ट, सगळं तसंच. घरी गेल्यावरही आम्ही चुकून बिनआवाजाचं बोलायचो आणि बायका वैतागायच्या. म्हादूने हीच गोष्ट पार्टीत आणली. कर्ण्याच्या आवाजात पुढचं गाणं कुठलं, कुठे उचलायचं, कुठे तोडायचं, हे तो ओठांनी सांगायचा. दुसऱ्या पार्ट्यांचे मास्तर हात नाचवायचे, शिट्या मारायचे. आमच्यात काही दिसायचंच नाही, आणि चौघं एकदम वळायचो. लोकांना वाटायचं जादू आहे. जादू कसली, साचेखातं ते.

ते आमचे दिवस होते. गणपतीत कोणाकडे वाजवायचं ते म्हादू ठरवायचा, मंडळं नव्हे. गिरगावातल्या वाड्या, ठाकूरद्वार, दादर, कोळीवाड्यांच्या हळदी... दोन मंडळांची आमच्यावरून हाणामारी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. सिनेमाचं गाणं शुक्रवारी लागलं की रविवारी म्हादूच्या बेंजोवर. पोरी गॅलरीतून रुमाल टाकायच्या. म्हादूच्या बायकोने ते सगळे रुमाल धुऊन, चौकोनी कापून पोराची लंगोटं शिवली. तो स्वतःच सांगायचा हे, हसत हसत.

मग संप. त्यावर शिकलेल्या लोकांनी खूप लिहिलंय, मी वेगळं काय लिहिणार. पार्टीपुरतं सांगतो. पगार बंद, तर वर्गणी बंद. वर्गणी बंद, तर मंडळाने मूर्ती बसवली हेच पुष्कळ. लग्नं गावाला नेऊन उरकली जाऊ लागली. पहिल्या वर्षी आम्ही फुकट वाजवलं, मोर्च्यापुढे, सभेआधी. दुसऱ्या वर्षी ढोल उचलायला अंगात जोर नव्हता. माझी बायको डबे करून देऊ लागली आणि मी भायखळ्याच्या बाजारात पाट्या उचलू लागलो. गिरणीने फाटकावर कळवलं, संप सोडला अशी सही करून द्या आणि कामावर या. मी सही केली नाही. तेव्हा नाही केली, नंतरही नाही. संप मागे घेतला असं मला कोणी येऊन सांगितलेलं नाही. माझ्या लेखी तो चालू आहे.

म्हादूने सही केली.

त्याच्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली, तीन पोरं. हे मला माहीत होतं. माझ्याही घरात गोकुळ नव्हतं नांदत. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आमच्या चाळी समोरासमोर, त्याची गॅलरी आणि माझी गॅलरी, मध्ये चौक. मी बाहेर आलो की तो आत जायचा. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एकदा संध्याकाळी मी कठड्याला टेकून उभा होतो, तर तो समोर येऊन उभा राहिला आणि ओठ हलवले. "आज शेवग्याची आमटी." मी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "म्हातारी खाटेवरून पडली रे." तिसऱ्या दिवशी, "मुकादम मेलो, पेढे वाट." मला हसू आलं. मी बोलणं टाकलं होतं, पण ओठ हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे. असं मी माझ्या मनाशी ठरवलं आणि मी पण ओठ हलवले. "खंयचो मुकादम?" आमच्या बायका म्हणायच्या, ही काय मेल्यांची थेरं, चौक ओलांडून जा की. मी गेलो नाही. आमचं सगळं बोलणं त्या चौकावरून, बिनआवाजाचं.

तिथूनच त्याने सांगितलं, "धाकू, माका झोप लागणा नाय रे." मी विचारलं, "कित्या?" तो म्हणाला, "आवाज कमी झालो." गिरणीत त्याला परत घेतलं होतं, पण निम्म्याहून जास्त साचे बंदच होते. चालू होते त्यांचा आवाज आता एकेकट्याचा ऐकू यायचा. पूर्वी नुसती गर्जना होती. आता कुठला साचा कसा चालतो, कुठल्याचा आडवा धागा नेणारा धोटा थोडा उशिरा पोचतो, कोणाची पट्टी सैल आहे, हे वेगवेगळं कानात शिरायचं आणि घरी आल्यावरही जायचं नाही. त्याने कठड्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. पलीकडून मला ऐकू येत नव्हतं, पण बोटं दिसत होती. माझा हात आपोआप माझ्या कठड्यावर चालायला लागला. बायको आतून म्हणाली, "कठडा मोडाल." मी म्हणालो, "बघ तिकडे." तीही बघत राहिली.

म्हादूच्या संगीताची सुरुवात ही अशी झाली. पार्टी पुन्हा जमवली ती पोटासाठी, आमचं बोलणं ओठांपुरतंच ठेवून, पण त्याच्या डोक्यात ते दुसरंच होतं. हिराबाईच्या भाचीची हळद होती. चार गाणी ठीक झाली, लोक नाचायला लागले, आणि म्हादूने मध्येच सिनेमाचं गाणं सोडून दिलं. तारांवर फडकं टाकलं, म्हणजे सूर दबला, नुसता टकटक आवाज राहिला, आणि ओठांनी म्हणाला, "साचे." माझा ढोल उचलला गेला. लक्ष्मणचा ताशा, गोविंदाची झांज. आम्ही सगळे त्याच खात्यातले, शिकवायला काय लागतं. नाचणारे आधी बावरले, मग थांबले. नवऱ्याचा मामा पुढे आला. "ओ मास्तर, गिरनी चालू केली काय? नाचाचा कसा यावर?" हिराबाईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मेल्यांनो, हलद हाय का तेरावा?" सगळा मांडव हसला. म्हादूही हसला, पण थांबला नाही. मग त्यांनी बॅटरीची वायर काढली. आम्ही वायरीशिवाय वाजवत राहिलो, तशी माणसं जेवायला निघून गेली.

त्या हळदीनंतर बोलावणी संपली. पुढे बेंजोच्या नव्या पार्ट्या आल्या, कीबोर्डवाल्या, मग ते भिंतीएवढे स्पीकर आले. आमची हातगाडी फुटपाथवर उभी राहून सडली. माझी त्या वेळी म्हादूशी आवाजाने पहिली खडाजंगी झाली, म्हणजे बोलणं सुरू झालं म्हणायचं. मी म्हणालो, "होता नव्हता तो धंदा घालवलास." तो म्हणाला, "धाकू, ती गाणी आपली नव्हती रे. उसनी होती. आपल्याकडे आपलं काय होतं? हेच ना?" मी म्हणालो, "हे ऐकणार कोण?" तो म्हणाला, "ते माका काय विचारतंस?"

व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही चौघं बसू लागलो. कोणी बोलावलेलं नाही, कोणाला ऐकवायचं नाही. किती वर्षं बसलो ते मोजलेलं नाही. परळमधली माणसं या काळात एकेक करून संपली. कोण गावाला गेला, कोण दारूत बुडाला, कोणी गळ्याला दोर लावला. आम्ही दर आठवड्याला कोणाला तरी पोचवून यायचो आणि रविवारी बसायचो. म्हादूने त्या साच्यांवर काय काय केलं ते कागदावर कसं लिहू. आधी नुसता ठेका होता. मग त्याने प्रत्येकाला एकेक साचा दिला, ज्याचा त्याचा स्वभाव दिला. लक्ष्मणचा साचा अडखळणारा, दर काही फेऱ्यांनी धागा तुटणारा. तुटला की त्याने थांबायचं, जोडायचं, आणि बाकीच्यांना पकडायचं. गोविंदाची झांज म्हणजे बाईच्या बांगड्या, तागे उचलणाऱ्या बायका असतात त्यांच्या. माझा ढोल म्हणजे शाफ्ट. आमचं साचेखातं जुनं, छताखालून लांबच लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे साच्यांना उतरायचे. शाफ्ट थांबला तर सगळं थांबलं. आणि त्या सगळ्यावरून बेंजो. पूर्वी तो धो धो वाजवायचा. आता अर्धा अर्धा तास बसून एकच सूर लावायचा, आणि तो लागला की छातीत काहीतरी हलायचं. मी त्याला तोंडावर कधी म्हटलं नाही, पण पोरी रुमाल टाकायच्या तेव्हा तो साधा वाजवणारा होता. कोणी ऐकेनासं झालं तेव्हा तो मोठा झाला.

मग गिरणी कायमची बंद झाली. शेवटच्या पाळीला म्हादू होता. तो आला तो सरळ व्यायामशाळेत आला, रविवार नसताना, आणि आम्हाला बोलावणं पाठवलं. म्हणाला, "शेवट मिळालो." त्याने पाहिलेलं सांगितलं. बटण बंद केलं, ज्याने त्याने आपापल्या साच्याचा पट्टा सरकवला, तसे साचे एकेक करून गप्प झाले. पण वरचा शाफ्ट फिरतच होता. वीज नाही, काही नाही, आधीच्या जोरावर फिरत होता. सगळे माना वर करून बघत उभे. ढकलणारं कोणी नाही, अडवणारं कोणी नाही. हळू झाला, आणखी हळू झाला, आणि कधी थांबला ते कोणालाच सांगता आलं नाही. म्हादू म्हणाला, "आपले साचे तसेच संपवायचे. आधी मी सोडणार, मग गोविंदा, मग लक्ष्मण. तू एकटा राहशील. आणि तू हळूहळू..."

मी म्हणालो, "नाय."

"अरे, ऐक तरी."

"तू आत होतास. तू बघितलंस शेवट. मी नाही बघितला. मी बाहेर आलो तेव्हा शाफ्ट फिरत होता, तो माझ्यासाठी फिरतोय. मी नाही थांबवणार."

लक्ष्मण म्हणाला, "धाकू, वाजवणं आहे रे हे." मी म्हणालो, "तर मग वाजवतो. थांबत नाही." म्हादू तारांवर फडकं टाकून बसून राहिला.

पुढे दादरच्या एका नाटकवाल्या माणसाने आमचं कुठूनसं ऐकलं आणि गिरगावातल्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवायला बोलावलं. थोडी माणसं होती, पंखे चालू होते. म्हादू येताना रस्त्याने मला समजावत होता. "आज एकदा. लोकांसमोर एकदा शेवट होऊ दे, मग तू आयुष्यभर वाजव." वाजवायला बसलो. जसं कधी जमलं नव्हतं तसं जमलं त्या दिवशी. आणि मग त्याने बेंजो खाली ठेवला. गोविंदा थांबला. लक्ष्मण थांबला. तिघं माझ्याकडे बघतायत, हॉल माझ्याकडे बघतोय, आणि माझा ढोल होता त्याच चालीने चालू. म्हादूने ओठ हलवले, "हळू कर." मी ओठ हलवले, "नाय." आता काय होणार कोणालाच कळेना. मी एकटा किती वेळ वाजवणार, आणि न वाजवून तरी कसं... त्याने माझ्याकडे असं बघितलं, मी तेवढं कधीच विसरणार नाही, आणि बेंजो परत उचलला. खालून, अगदी बारीक, माझ्या चालीत येऊन मिसळला. मग ताशा आला, झांज आली, आणि सगळे साचे पुन्हा चालू झाले. लोक उभे राहिले. त्यांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे.

ते तसंच बसलं मग. दर रविवारी तो शेवट करायला घ्यायचा, दर रविवारी मी थांबायचो नाही, आणि दर रविवारी त्याला परत यावं लागायचं. परत येताना प्रत्येक वेळी तो वेगळं काहीतरी घेऊन यायचा. त्याच्या सगळ्या वाजवण्यातली सगळ्यात सुंदर जागा तीच होती. गोविंदा म्हणायचा, "तुम्ही दोघं भांडत राहा, आमच्या कानांची चंगळ होतेय." पण म्हादूला ती जागा नको होती. त्याला शेवट हवा होता. म्हातारा होत चालला तसा तो जास्तच मागायचा. "अर्धवट राहिलं रे धाकू," म्हणायचा. "जाताना अर्धवट ठेवून जातलंय मी."

इस्पितळात त्याच्या तोंडावर मास्क होता. छातीत आयुष्यभराचा कापूस, तो काय निघतो? पोरगा प्रकाश बाजूला उभा. म्हादूने हाताने मास्क वर केला, नर्स रागावली, आणि त्याने ओठ हलवले. प्रकाश म्हणाला, "पाणी मागतायत बाबा." पाणी मागत नव्हता तो. मला स्पष्ट दिसलं. "हळू कर," म्हणत होता. मी पण ओठ हलवले. "नाय." मास्क खाली आला. त्याच्या आत धूर झाल्यासारखं झालं, तो हसला की दमला ते मला सांगता येणार नाही. माणूस मरायला टेकलाय, एक शब्द खोटा बोलला असतास तर काय झालं असतं, असं माझी बायको म्हणते. मी म्हादूशी खोटं बोललेलो नाही कधी. आणि मला वाटलं, मी हो म्हटलं तर तो त्याच क्षणी जाईल. तो गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी.

तेराव्याला जेवणं झाल्यावर प्रकाश आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, बाबांचं एकदा वाजवाल? त्यांना हवं होतं तसं." लक्ष्मण आणि गोविंदा माझ्याकडे बघेनात. मी म्हणालो, "वाजवू. थांबायचं का नाही ते मी बघेन." व्यायामशाळेची मागची खोली भरली होती, बाहेर चपलांचा ढीग. हिराबाईही येऊन भिंतीला टेकून बसली होती. आम्ही तिघांनी सुरू केलं. बेंजोची जागा मोकळी सोडली, त्या जागी काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यावर आम्ही वाजवत होतो. मग गोविंदा थांबला. थोड्या वेळाने लक्ष्मण थांबला.

मी थांबलो नाही. चाल सोडली नाही, जोर कमी केला नाही. लोक वाट बघत बसले. मी वाजवतोय. कोणीतरी खोकलं, एक पोर रडलं, त्याला बाहेर नेलं. मी वाजवतोय. प्रकाश खाली मान घालून बसला होता. एक दोन माणसं हळूच उठून गेली, चहाचे कप गोळा करण्याचा आवाज आला. मी वाट बघत होतो. सवयच ती. मी नाही थांबलो की कोपऱ्यातून, खालून, बारीक सूर यायचा... माझ्या खांद्यात कळ आली. वय झालंय. मी टिपरू बदललं, दुसरा हात लावला, तोही भरून आला. मग मी मारत होतो आणि टिपरू पोचत नव्हतं. एक ठोका पडला, पुढचा उशिरा पडला. त्याच्या पुढचा आणखी उशिरा. मी ओढतोय, हात येत नाही. टिपरू नुसतं आपल्या वजनाने पडत होतं. कधीतरी ते कातड्यावर पडलं आणि पडूनच राहिलं.

लोक म्हणतात, धाकूने शेवटी म्हादूचं ऐकलं. मी ऐकलं नाही. मी थांबवलं नाही, ते थांबलं. पण म्हादूने पाहिला होता तो शेवट अगदी असाच होता, आणि तो बरोबर वाजला, आणि ऐकायला तो नव्हता. हिराबाईने पदर तोंडाला लावला होता. लक्ष्मणने माझ्याकडे बघून ओठ हलवले, "झालं." मला नाय म्हणायचं होतं. ओठ हलले नाहीत.

रविवारी आम्ही तिघं अजून जातो. सतरंजी घालतो, म्हादू बसायचा ती बाजू मोकळी ठेवतो आणि भिंतीला टेकून बसतो. लक्ष्मण ताशावरचं फडकं काढतो आणि ओठांनी विचारतो, "वाजवूया?" मी मानेनेच नाही म्हणतो. ढोल तिथेच आहे, कातडं चांगलं आहे, मी त्याला हात लावत नाही. वाजवला तर हात दमणार. दमला की पुन्हा थांबणार. आणि थांबल्यावर सगळं परत चालू करायला कोपऱ्यातून बेंजो यायचा, तो आता यायचा नाही.